आजवर काही झालं नाही, मग आत्ताच कसं?

सांगलीत औषधाच्या दुकानात बसलं की "ॲलर्जीची गोळी द्या" हे रोजचंच ऐकणं. कुणाचं नाक सकाळपासून गळत असतं, कुणाच्या अंगावर गांधी उठलेल्या असतात, कुणी केसांना डाय लावून डोळे सुजवून आलेलं असतं. कशाची ॲलर्जी, असं विचारलं की उत्तराआधी तक्रार येते: "अहो, वर्षानुवर्षं हेच वापरतोय. आजवर काही झालं नाही, मग आत्ताच कसं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आजवर जे चाललं ते बाधणार नाही, आणि बाधलं तर काहीतरी नवीन पोटात गेलं असणार, असा आपला हिशेब असतो. म्हणून कोळंबी खाऊन ओठ सुजलेला माणूस कोळंबीला निर्दोष सोडतो आणि त्या दिवशीच्या नव्या मसाल्यावर संशय घेतो. शरीराचा हिशेब मात्र उलटा आहे. ज्याच्याशी, किंवा ज्याच्यासारख्या दुसऱ्या कशाशी तरी, आधी गाठ पडलेली नाही, त्याची ॲलर्जी होत नाही. पहिल्या भेटीत बाहेरून काहीच दिसत नाही. कधी कधी पहिल्या शंभर भेटींतही दिसत नाही. "आजवर काही झालं नाही" हे ॲलर्जी नसल्याचा पुरावा म्हणून सांगितलं जातं. खरं तर ॲलर्जीची सुरुवात अशीच होते.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती एका फसलेल्या प्रयोगातून. १९०१ मध्ये मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ विषारी समुद्री जीवांचा अभ्यास करत होते. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं, म्हणजे सी-ॲनिमोनचं, विष कुत्र्यांना थोड्या मात्रेत टोचलं. लस दिल्यावर जसं होतं तसं, थोडं थोडं विष देत गेलं की कुत्रा त्याला दाद देईनासा होईल, अशी त्यांची अपेक्षा. पहिल्या मात्रेतून कुत्रे सावरले. काही आठवड्यांनी पुन्हा तशीच थोडी मात्रा दिली, तर तब्येतीने ठणठणीत असलेला कुत्रा धापा टाकू लागला, त्याला उलट्या झाल्या आणि अर्ध्या तासाच्या आत तो मेला. विष तेच. बदलला होता तो कुत्रा. १९०२ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं, या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस असं नाव दिलं आणि १९१३ मध्ये रिशे यांना नोबेल मिळालं.

आता कुत्र्यात बदललं काय? याचं उत्तर शोधायला जर्मन डॉक्टर कार्ल प्राउसनिट्झ यांनी स्वतःचंच पोट वापरलं. त्यांचे सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांना मासे बाधायचे. १९२१ मध्ये प्राउसनिट्झनी क्युस्टनर यांच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सिरम, आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. माशाने ज्यांना कधी काही झालं नव्हतं त्या प्राउसनिट्झच्या पोटावर तेवढ्याच जागी गांध उठली. म्हणजे दोष माशात नाही, रक्तात तयार झालेल्या कशात तरी आहे, आणि ते एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेता येतं. ते नेमकं काय, हे कळायला मात्र १९६६-६७ उजाडलं. अमेरिकेत इशिझाका पतीपत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक अशा दोन जोड्यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. इम्युनोग्लोब्युलिन-ई हे प्रतिपिंड, म्हणजे परक्या गोष्टीला ओळखून चिकटणारं रक्तातलं प्रथिन. बोलताना आयजीई. इतका उशीर होण्याचं कारण साधं आहे. आपल्या रक्तात जी नेहमीची प्रतिपिंडं असतात, आयजीजी, त्यांच्या तुलनेत आयजीई हजारो पटींनी कमी असते. इतक्या थोड्या गोष्टीने एवढा गोंधळ होतो, हेच मुळात चकित करणारं आहे.

सापळा कसा लागतो

आयजीई काही आपल्याला छळायला जन्माला आलेली नाही. पोटातले जंत, कातडीला चिकटणारी गोचीड असे जे जीव एखाद्या पेशीला गिळता येणार नाहीत इतके मोठे असतात, त्यांना झाडून, धुऊन, खाजवून बाहेर काढणं हे तिचं काम. शिंक, खोकला, खाज, उलटी, जुलाब, डोळ्यांतून पाणी ही ॲलर्जीची लक्षणं एका ओळीत मांडून बघा. सगळी बाहेर हाकलण्याची कामं आहेत.

गडबड होते ती ओळख पटवताना. कोळंबीतलं प्रथिन, गवताचा परागकण, झुरळाची विष्ठा असं काहीतरी कातडीतून, नाकातून किंवा आतड्यातून आत येतं. तिथल्या पेशी त्याचे तुकडे करून टी-पेशींना, म्हणजे आपला-परका ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. बहुतेक वेळा निकाल लागतो, "सोडून द्या." कधी कधी, विशेषतः ती जागा आधीच सोललेली किंवा सुजलेली असेल तर, टी-पेशींचा निकाल "हा जंतासारखा दिसतोय" असा लागतो. मग त्या बी-पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना, आयजीई बनवायला लावतात, आणि ही आयजीई फक्त त्या एकाच प्रथिनाला ओळखणारी असते. ती रक्तात फार दिवस राहत नाही. जाऊन मास्ट पेशींना चिकटते आणि तिथे कित्येक आठवडे टिकते. मास्ट पेशी कुठे असतात? कातडीखाली, नाकात, श्वासनलिकेत, आतड्याच्या अस्तरात. बाहेरचं जग जिथे जिथे शरीराला टेकतं तिथे तिथे.

उंदराचा सापळा लावतात तसंच हे. लावताना आवाज होत नाही, घरात कुणाला पत्ताही नसतो. नंतर कधीतरी तेच प्रथिन पुन्हा येतं, मास्ट पेशीवर शेजारी शेजारी बसलेल्या दोन आयजीईंना एकदम धरतं, आणि सापळा उडतो. पेशीत आधीच भरून ठेवलेले कण मिनिटभरात बाहेर फेकले जातात. त्यात मुख्य माल असतो हिस्टॅमिन.

यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे मात्रा फार लागत नाही, चमचा बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यातला अंशही पुरतो. दुसरी गोष्ट लोकांना पटायला जड जाते. "माझी प्रतिकारशक्ती कमी झालीय म्हणून ॲलर्जी झाली, काहीतरी ताकदीचं द्या," असं म्हणत लोक टॉनिक मागतात. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी पडत नाही. ती नको तिथे, नको इतक्या जोरात काम करते. टॉनिकची बाटली विकणं मला सोपं आहे, पण तिचा इथे काही उपयोग नाही.

हिस्टॅमिन करतं काय? बारीक रक्तवाहिन्या रुंद करतं आणि त्यांच्या भिंती सैल करतं, त्यामुळे रक्तातलं पाणी बाजूच्या मांसात झिरपतं. कातडीत हे झालं की गांध, नाकात झालं की नाक चोंदणं, ओठात झालं की ओठ फुगणं. तेच हिस्टॅमिन मज्जातंतूंना चाळवतं, त्यामुळे खाज आणि शिंका. श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळले गेले की छाती भरून येते आणि शिट्टीसारखा आवाज येतो, पण तिथे हिस्टॅमिनपेक्षा ल्युकोट्राइन नावाच्या दुसऱ्या रसायनांचा हात मोठा असतो. म्हणूनच दम्याच्या माणसाला नुसती सेट्रिझिन, म्हणजे हिस्टॅमिनला अडवणारी गोळी, देऊन भागत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. पहिला झटका ओसरल्यावर चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. या वेळी रक्तातून इओसिनोफिल वगैरे पेशी त्या जागी गोळा होतात आणि अस्तर सुजवून ठेवतात. सकाळी गादी झाडली आणि नाक संध्याकाळी बंद झालं, तर त्याचा सकाळशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. ही सूज रोज थोडी थोडी साठत गेली की नाक इतकं हळवं होतं, की पुढे अत्तराच्या वासाने, थंड हवेनेसुद्धा शिंका सुरू होतात. मग माणूस म्हणतो, मला सगळ्याचीच ॲलर्जी आहे. सगळ्याची नसते. एका-दोन गोष्टींची असते, बाकीच्यांनी सुजलेल्या नाकाला फक्त डिवचलेलं असतं.

ॲलर्जी म्हणून खपणाऱ्या गोष्टी

आपल्या भागात हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण सांगली जिल्ह्यात नाकात जाण्यासारखं खूप काही उडत असतं. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना नाकाला रुमाल न लावता फिरून बघा. घरात मिरचीची फोडणी बसली की आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे ठसकतात. ही ॲलर्जी नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन थेट मज्जातंतूंना झोंबतं, त्यासाठी आयजीई लागत नाही आणि आधीची ओळखही लागत नाही. माझी साधी कसोटी अशी: जे कमी-जास्त सगळ्यांनाच होतं ते झोंबणं, आणि दहा जणांत एकालाच, अगदी थोड्या मालाने, दरवेळी होतं ती ॲलर्जी असण्याचा संभव. मसाल्यांचीही खरी ॲलर्जी असते, पण विरळा.

ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवतात तेव्हा गावावर जी काजळी पडते, तीही झोंबणारीच. तासगाव भागात बेदाण्याला पिवळा रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातला सल्फर डायऑक्साइड निरोगी माणसाला नुसता उग्र लागतो, पण दमेकऱ्याची श्वासनलिका थोड्याशा वायूनेही आवळली जाते. ॲलर्जी नाही, म्हणून धोका नाही, असं मात्र समजू नये. दमेकऱ्याने धुरीच्या खोलीपासून लांबच राहावं, तिथे ॲलर्जीची गोळी घेऊन कामावर उभं राहण्यात अर्थ नाही.

दुधाचंही तसंच. ग्लासभर दूध प्यायलं की पोट फुगतं, पण चहातलं दूध आणि वाटीभर दही चालतं, अशांना बहुधा दुधातली साखर पचत नाही. ती पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर मोठेपणी अनेकांच्या आतड्यात कमी होतं. दुधाची ॲलर्जी प्रथिनाची असते, तान्ह्या मुलांत जास्त दिसते, आणि तिथे चमचाभर दूधही पुरतं.

सगळ्यात जास्त हाल होतात ते रोज पित्त उठणाऱ्यांचे. सहा आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज अंगावर गांधी उठत असतील, तर बहुतेक वेळा खाण्याची ॲलर्जी हे कारण नसतं. शरीराने स्वतःच्याच आयजीईविरुद्ध किंवा मास्ट पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनवलेली असतात, किंवा कारण सापडतच नाही. पण घरात काय होतं? आधी वांगं बंद. मग दही, मग अंडी, मग तूरडाळ, मग बाहेरचं सगळं. सासूबाई एक सांगतात, शेजारच्या काकू दुसरं. माणूस वाळून जातो आणि गांधी उठायच्या त्या उठतातच. डॉक्टरांनी सांगितलेली साधी अँटिहिस्टॅमिन गोळी नेमाने घेणं या माणसाच्या फायद्याचं असतं, आणि तीच त्याला नको असते.

उशिरा उठणारी ॲलर्जी

आता थोडं उलट. काही ॲलर्जी खऱ्या असतात, पण त्यांत आयजीईचा संबंध नसतो. तिथे टी-पेशी स्वतःच कामाला लागतात आणि त्यांना दोन-तीन दिवस लागतात. याचं घराघरातलं उदाहरण म्हणजे केसांचा काळा डाय. त्यातल्या पीपीडी या रसायनाने कपाळ, कान आणि पापण्या सुजतात, पाणी सुटतं. दहा वर्षं तीच पावडर लावणाऱ्यालाही होतं आणि लावल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतं, म्हणून डायवर संशयच येत नाही. एकदा ही ओळख पक्की झाली की सहसा जन्मभर राहते. नंतर "या वेळी चांगल्या कंपनीचा आणलाय" म्हणून उपयोग नसतो, रसायन बहुधा तेच असतं. लग्नसमारंभात काढतात ती झटकन रंगणारी काळी मेंदीही याच कारणाने घातक. साध्या मेंदीच्या पानांत पीपीडी नसतं.

दुसरं उदाहरण बांधावरचं. गाजर गवत, ज्याला सगळे काँग्रेस गवत म्हणतात, ते मूळचं अमेरिका खंडातलं. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. त्यात पार्थेनिन हे द्रव्य असतं. वाळलेल्या गवताचा भुगा हवेत उडून चेहरा, मान, कोपराची खळगी अशा उघड्या जागी बसतो, आणि शेतात राबणाऱ्याची कातडी तिथे हळूहळू जाड, काळपट आणि खाजरी होत जाते. उन्हाने होतंय असं वाटतं, कारण ऊन जिथे लागतं तिथेच होतं. पण पापण्यांवर आणि कानामागेही असेल तर गवताचा विचार करावा. भांगलताना ते मुळासकट, फुलण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उपटावं. निदानासाठी पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी बघतात, त्याला पॅच टेस्ट म्हणतात. सुईने करतात ती ॲलर्जीची चाचणी इथे कामाची नाही.

तिसरं साखर कारखान्याच्या आवारातलं. ओलं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, साठून त्यात उबाऱ्याने जिवाणू-बुरशी वाढतात, आणि ती धूळ श्वासातून खोल फुप्फुसात गेली की काहींना चार-सहा तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला होतो. रात्री ताप, सकाळी बरं, पुन्हा कामावर गेलं की पुन्हा ताप. वारंवार झालं तर फुप्फुस कायमचं आखडतं. याला बगॅसोसिस म्हणतात. कामगाराने कामाचं ठिकाण डॉक्टरांना सांगितलं नाही तर हे न्यूमोनिया म्हणून निघून जातं.

कुणाला होते, कुणाला नाही

आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याचा संभव वाढतो, हे खरं. पण नेमकी कशाची होईल ते वारशाने येत नाही. वडिलांना धुळीची आणि मुलीला अंड्याची, असंही होतं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लक्ष गेलंय ते कातडीकडे. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की फिलाग्रिन या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असेल तर कातडी कोरडी, भेगाळ होते आणि इसबाचा, म्हणजे एक्झिमाचा, धोका वाढतो. अशा भेगांतून अन्नाचे कण आत गेले की शरीर त्यांना शत्रू ठरवतं. तेच अन्न तोंडावाटे आतड्यात गेलं तर बहुधा ओळखीचं ठरतं. वाट कोणती, यावर निकाल फिरतो. शेंगदाण्यावरच्या एका ब्रिटिश प्रयोगाने हे पक्कं केलं. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. चार ते अकरा महिन्यांची असताना निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ खायला सुरुवात करून दिली, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात दिलं नाही. २०१५ मध्ये निकाल आला. टाळणाऱ्यांत १७ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी, खाणाऱ्यांत ३ टक्क्यांच्या आसपास. तोवर डॉक्टरच टाळायला सांगत होते.

आपल्याकडे भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत कूट पडतंच, त्यामुळे बाळाच्या पोटात ते लवकर जातं. ते तसंच चालू द्यावं. फक्त अख्खा दाणा लहान मुलाला देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि ज्या बाळाला आधीच तीव्र इसब आहे त्याला पहिल्यांदा देण्याआधी डॉक्टरांना विचारावं. इसबाच्या सोललेल्या कातडीवर डाळीचं पीठ आणि दुधाची साय चोळण्याची हौस मात्र आवरावी.

अती स्वच्छतेमुळे ॲलर्जी वाढते असं म्हणतात, तो मुद्दाही इथलाच. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधल्या सतरा हजारांवर मुलांची माहिती तपासली तेव्हा दिसलं, की घरात थोरली भावंडं जितकी जास्त तितका परागकणांचा त्रास कमी. पुढे अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली, ती २०१६ मध्ये छापून आली. दोघांचा मूळ वंश जवळचा, राहणी साधी. फरक गोठ्याचा. आमिश लोकांची जनावरं घराला लागून, तर हटराइट लोकांची शेती मोठ्या यंत्रांची आणि गोठे लांब. आमिश मुलांत दम्याचं प्रमाण हटराइट मुलांच्या साधारण एक चतुर्थांश निघालं. आपल्या गावात गोठा परसात असायचा तेव्हाच्या बालपणाबद्दल यातून काही अंदाज बांधता येतो. पण चाळिशीतल्या दमेकऱ्याने हे वाचून गोठ्यात जाऊन बसू नये. हा परिणाम सुरुवातीच्या महिन्यांतला आहे, सापळा लागून गेल्यावर तीच धूळ त्रास वाढवते.

घरातला मोठा दोषी मात्र गोठ्यात नाही, गादीत असतो. डस्ट माइट हा डोळ्यांना न दिसणारा आठ पायांचा जीव आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो आणि ओल असेल तिथे वाढतो. त्याच्या विष्ठेतली पाचक द्रव्यं नाकाच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करतात आणि स्वतःच आत शिरतात. २०१९च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ओल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. अशा भिंतींवर पुढे कित्येक महिने बुरशी धरते आणि ती बुरशीही ॲलर्जी देते. चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, धुवावेत. ओल्या भिंतीला नुसता रंग मारून भागत नाही. फुलझाडांवर फार राग काढू नये. गुलाब-जास्वंदीचे पराग जड असतात, ते कीटक नेतात. वाऱ्यावर उडून नाकात येतात ते गवतांचे.

जीवावर बेततं तेव्हा

आतापर्यंतचं सगळं एका जागेपुरतं होतं. सगळ्या अंगातल्या मास्ट पेशी एकदम उडाल्या तर ते ॲनाफिलॅक्सिस. कारणं बहुधा तीन: एखादं अन्न, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा डंख, आणि औषध, विशेषतः इंजेक्शनने दिलेलं. काही मिनिटांत अंगभर खाज, आवाज घोगरा, घशात आवळल्यासारखं, धाप, पोटात कळ, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी. रक्तवाहिन्यांतलं पाणी इतक्या झपाट्याने बाहेर झिरपतं की दहा मिनिटांत एक तृतीयांशाहून जास्त रक्तद्रव कमी होऊ शकतो. रक्तदाब कोसळतो तो यामुळे. दर वेळी अंगावर गांधी दिसतीलच असंही नाही.

यावर पहिलं औषध एकच: ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट पेशींनाही रोखतं. एव्हिल (हेही हिस्टॅमिनला अडवणारंच औषध) आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं नंतर. एव्हिलने खाज थांबते, कोसळलेला रक्तदाब उठत नाही. स्टेरॉइडला काम करायला तास लागतात. परदेशात रुग्ण जवळ बाळगतात ती आपोआप टोचणारी पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून जवळचा दवाखाना गाठणं किंवा १०८ला फोन करणं हाच मार्ग. तोवर माणसाला आडवं करून पाय वर ठेवावेत. धाप असेल तर बसू द्यावं, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं. पण "चल, जरा चालून बघ" म्हणून उभं करू नये. अशा वेळी उभं राहताच हृदयाकडे येणारं रक्त तुटून माणसं दगावली आहेत. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबावं, कारण दुसरी लाट येऊ शकते. रक्तदाबासाठी एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर तेही सांगावं, त्यांच्यामुळे ॲड्रिनलिनचा जोर कमी पडतो.

एका गोष्टीची गल्लत होते. मोहोळ उठून एकाच वेळी शेकडो माश्या चावल्या तर ते विषच असतं, तिथे कुणालाही धोका. ॲलर्जी असलेल्याला एक माशी पुरते.

गोळी, फवारा, चाचणी

सेट्रिझिन किंवा सीपीएम हिस्टॅमिन तयार होणं थांबवत नाही, ते जिथे जाऊन चिकटतं ती जागा आधी अडवते. म्हणून त्रास सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतलेली बरी. सीपीएम, एव्हिल या जुन्या गोळ्या झोप आणतात, आणि घाटातून ट्रक नेणाऱ्याला त्या देताना माझा हात अडखळतो. रोजच्या नाकाला स्टेरॉइडचा फवारा जास्त गुणकारी, कारण तो दुसऱ्या लाटेची सूज उतरवतो. त्याचा गुण यायला काही दिवस जातात. लोक दोन दिवस मारतात आणि टाकून देतात. शिवाय नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे धरतात, ती डोळ्याच्या दिशेने जराशी बाहेर धरावी.

"पंप लावला की सवय लागते" ही भीती घराघरात आहे. दम्याच्या पंपाची सवय लागत नाही, दमा जुनाट असतो म्हणून पंप चालू ठेवावा लागतो. सवय लागते ती झटकन नाक मोकळं करणाऱ्या झायलोमेटाझोलिनच्या थेंबांची. चार-पाच दिवसांपुढे ते वापरले की त्यांच्याच मुळे नाक बंद होतं, आणि माणूस वर्षभर बाटली खिशात घेऊन फिरतो. त्या थेंबांना मात्र कुणी घाबरत नाही!

चाचण्यांबाबत जपून. हातावर अर्काचा थेंब ठेवून सुईने टोचतात आणि १५-२० मिनिटांनी गांध मोजतात, ती चाचणी चांगली. तिच्याआधी आठवडाभर अँटिहिस्टॅमिन बंद ठेवावी लागते. पण चाचणीत गांध उठली म्हणजे सापळा लागलेला आहे, इतकंच कळतं. ते खाऊन त्रास होत नसेल तर ते बंद करायचं कारण नाही. रक्तातली एकूण आयजीई आपल्याकडे जंतांमुळेही वाढलेली असते. आणि दोनशे पदार्थांची आयजीजी तपासून देणारे जे महागडे पॅकेज असतात, ते पैसे पाण्यात. रोज कूट खाणाऱ्याच्या रक्तात शेंगदाण्याची आयजीजी सापडणारच, ती खाल्ल्याची खूण आहे.

सापळा उतरवायची एक रीत आहे. ज्याची ॲलर्जी तेच अगदी सूक्ष्म मात्रेत, वाढवत वाढवत, तीन ते पाच वर्षं इंजेक्शनने किंवा जिभेखाली द्यायचं. लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांवर ते पहिल्यांदा केलं. माशीच्या डंखाला त्याचा गुण फार चांगला, धूळ आणि परागांना बरा. तज्ज्ञाकडेच घ्यावं, कारण देताना झटका येऊ शकतो.

काही सापळे आपोआपही निकामी होतात. दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलं मोठी होता होता विसरतात, शेंगदाण्याची थोडीच. पेनिसिलिनचं तर आणखी वेगळं. लहानपणी कधीतरी पुरळ आलं म्हणून फाइलवर लाल शाईने "पेनिसिलिन ॲलर्जी" लिहिलेली माणसं नीट तपासली, तर दहातल्या नऊ जणांना ते औषध चालतं. काहींना मुळात नव्हतीच, ते पुरळ तापाचं होतं. ज्यांना खरी होती त्यांतल्याही बहुतेकांची दहा वर्षांत विरून जाते. तोवर त्यांना महागडी, जास्त जोराची अँटिबायोटिक्स मिळत राहतात. घरी गोळी खाऊन ही परीक्षा कुणी बघू नये. पण पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती लाल शाई किती जुनी आहे आणि तेव्हा नेमकं काय झालं होतं, एवढं आठवून सांगा. त्यावरून चाचणी करायची का, हे त्यांना ठरवता येतं.